दोघी जावा आणि पुढचा शॉक

सासऱ्यांचं काहीही असो, घरात एकच वाक्य ठरलेलं होतं : थोरलीला विचारा. त्यांचा कुठला बूट चावतो, कुठल्या कुशीवर झोपलं की त्यांचा खांदा धरतो, चहा किती कोमट झाला की ते पितात आणि किती कोमट झाला की नुसता समोर ठेवून बसतात, हे सगळं थोरल्या सुनेला तोंडपाठ. ती लग्न होऊन आली त्याच वर्षी सासूबाई गेल्या होत्या. तेव्हापासून तिनं सासऱ्यांना सांभाळलं ते स्वतःच्या बापासारखं. खरं तर बापाहून जास्त, कारण बापाशी ती भांडायची आणि यांच्याशी कधी भांडली नाही. भांडायला समोरच्यानं बोलायला हवं. सासरे जन्मभर टेलिफोन खात्यात लाइनमन होते, खांबावर चढून तारा जोडायचे. जगाच्या गप्पा जोडून दिल्या, पण स्वतःच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दात काढल्यासारखं. "हं", "नको", "ठेव तिथं". थोरलीला त्याचं वाईट वाटत नसे. उलट ती कौतुकानं सांगायची, "आमच्या बाबांचं बोलणं डोळ्यांतच असतं." आणि ते डोळे तर तिच्याच ताब्यात होते. मोतीबिंदू काढल्यापासून सकाळ-दुपार-संध्याकाळ औषधाचे थेंब तीच घालायची.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली.

धाकटी वाईट नव्हती, हीच मोठी अडचण होती. वाईट असती तर थोरलीला सोपं गेलं असतं. पण ती हसरी, कामसू, पंपांच्या कारखान्यात सुटे भाग तपासायच्या नोकरीवर जाणारी, आल्या आल्या "ताई, भांडी मी घासते" म्हणणारी. तिच्या बापाचं गावाच्या पलीकडच्या टोकाला गॅरेज होतं आणि ती त्याच गॅरेजात, टायरांच्या चवडीवर बसून अभ्यास करत वाढली होती. थोरलीनं तिला मिसळणाचा डबा कुठे असतो ते दाखवलं, गिझरचं बटण कसं दाबायचं ते दाखवलं. सासऱ्यांचं मात्र काही दाखवलं नाही. ते खातं आपलं.

पोर्चमध्ये सासऱ्यांची मोटरसायकल जुन्या चादरीखाली उभी होती. पुढच्या चाकाला दोन बाजूंनी धरणाऱ्या ज्या दोन नळ्या असतात, ज्यांना सगळे पुढचे शॉक म्हणतात, त्यांतून तेल झिरपायचं आणि खाली फरशीवर काळा डाग पडायचा. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं सांगून टाकलं होतं, "काका, आता भंगारात द्या." सासऱ्यांनी "हं" म्हटलं होतं आणि चादर घातली होती. डाग मात्र थोरली दर आठवड्याला घासायची.

एका संध्याकाळी धाकटी कामावरून आली, चादर उचलून गाडीपुढे उकिडवी बसली. चकाकत्या नळीवरून तिनं बोट फिरवलं, बोटावरचं तेल नाकाशी नेलं, मग नखानं नळी वरपासून खालपर्यंत चाचपली.

"बाबा, नळीवर एकही ओरखडा नाही. नुसतं तेल अडवणारं रबरी सील गेलंय. दोन्हीकडची सीलं बदलू, नवीन तेल भरू. घरीच होईल."

सासरे खुर्चीतून उठले. "घरी?"

"मग? माझा बाप काय असली कामं कारखान्यात नेऊन करतो?"

त्या संध्याकाळी सासरे जे बोलायला लागले ते थांबेनातच. ही गाडी घेतली तेव्हा कशी होती, पुरात पूल वाहून गेला तेव्हा खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन तिच्यावरून कसे गेले, घाटात क्लचची तार तुटली तेव्हा टेलिफोनच्या तारेनं कशी बांधली. थोरली आत ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. यातली एकही गोष्ट तिनं कधी ऐकली नव्हती. एवढ्या वर्षांत तिला मिळालं होतं "ठेव तिथं", आणि परवा आलेल्या पोरीला पूर, पूल आणि घाट! हातातली बशी तिनं इतकी घासली की तिच्यावरचं फूल फिकं झालं.

शनिवारी काम निघालं. इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं, चाक काढलं, ब्रेक सोडवून तारेनं बाजूला टांगला. धाकटीनं वर्तमानपत्रं पसरली. मग ती स्वयंपाकघरात आली आणि न विचारता थोरलीचा मापाचा कप घेऊन गेली.

"अगं, तो—"

"तेल मोजायला हवा, ताई. दोन्ही नळ्यांत अगदी सारखं पडलं पाहिजे. नाहीतर गाडी एका बाजूला लंगडते. घासून देते मी."

पावाची रिकामी प्लॅस्टिकची पिशवीही तिनं उचलली. का, ते थोरलीनं खिडकीतून पाहिलं. नळीच्या टोकावर ती पिशवी चढवून, तिला तेल लावून, धाकटीनं नवीन सील तिच्यावरून असं सरकवलं की रबराची नाजूक कड कुठे कापली जाऊ नये. "बाबा, हे म्हणजे बाळाला अंगडं घालण्यासारखं असतं, डोकं सांभाळायचं." सासरे हसले. आवाज करून हसले. थोरलीला त्यांचा हसण्याचा आवाज ओळखू आला नाही. तिला आधी वाटलं, शेजारचे कोणी आले असतील.

तिनं चहा नेला. कोणी कपाकडे पाहिलं नाही. आता दुसऱ्या नळीचं टोपण उघडायचं होतं आणि आत स्प्रिंग दाबलेली असते म्हणून धाकटी सासऱ्यांना दरडावत होती, "तोंड बाजूला घ्या, बाबा! नाकावर बसेल!" आणि ते आज्ञाधारकपणे तोंड बाजूला घेत होते. टोपण सुटलं, काळंकुट्ट तेल जुन्या पातेल्यात ओतलं गेलं, सडक्या माशासारखा वास सुटला, आणि ते दोघं त्या वासानं असे खूश झाले की जणू अत्तराची कुपी फुटली.

"बाबा, थेंबांची वेळ झाली."

"थांब जरा."

थांब जरा! ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी थेंब कधी लांबवले नव्हते. थोरली बाटली हातात धरून उंबऱ्यात उभी राहिली, आणि शेवटी आत गेली.

नवऱ्यापाशी तिनं विषय काढला. तो म्हणाला, "बरं झालं की. बाबांना विरंगुळा मिळाला."

"मग मी काय होते इतकी वर्षं?"

"तू? तू आहेसच की." असं म्हणून तो टीव्हीकडे वळला. समजूत घालायला गेला आणि आगीत तेल ओतून बसला.

दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या नळीचं उरलेलं काम. जुनं सील निघालं, नवीन बसलं. आता त्याच्यावर तारेची एक बारीक रिंग बसवायची होती. ती काढताना धाकटी सासऱ्यांना म्हणाली होती, "दिसायला एवढीशी, पण सगळा भार हिच्यावर. ही नसली तर गचका बसला की सील वर सरकतं, तेल भसकन बाहेर येतं आणि सरळ ब्रेकच्या तबकडीवर. मग दाबा ब्रेक, नाहीतर देवाला हात जोडा." रिंग पुसून तिनं पायरीच्या कडेला वर्तमानपत्रावर ठेवली आणि हात धुवायला मागच्या नळावर गेली. सासरे पाठमोरे होते, डब्यात पाना शोधत होते. थोरली कालचा न प्यायलेला कप उचलायला आली. वाकली. कप उचलला, आणि कपाबरोबर रिंगही उचलली.

का, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात ती सकाळी काउंटर सांभाळायची. लोकांच्या खिशांत अंगठ्या निघायच्या, किल्ल्या निघायच्या, एकदा तर सोन्याचा दात निघाला होता. गिऱ्हाइकाची साधी टाचणीसुद्धा तिनं कधी ठेवून घेतली नव्हती. आणि आता गाऊनच्या खिशात ती रिंग मांडीला टोचत होती.

मग शोधाशोध. वर्तमानपत्रं झटकली, डबे उपडे केले, पातेल्यातल्या काळ्या तेलात धाकटीनं कोपरापर्यंत हात घातला. सासरे गुडघ्यांवर बसून फरशीवर तळवे फिरवत होते. थोरलीही वाकून शोधायला लागली. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालणारा निदान बावळट तरी असतो. हिला कळसा कुठे आहे ते चांगलं ठाऊक होतं.

"डबीत ठेव म्हटलं होतं ना तुला," सासरे शेवटी म्हणाले. आवाज चढलेला होता.

"मी इथंच ठेवली होती, बाबा. या कडेला."

"मग काय पंख फुटले तिला? धांदरटपणा नुसता. गॅरेजात वाढलीस म्हणतेस."

धाकटीचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.  हात पुसले, चपला घातल्या, "बापाच्या गॅरेजात असेल, बघून येते," म्हणाली आणि बस पकडायला गेली. रविवार होता, बाजारातली दुकानं बंद होती; बापाचं गॅरेज मात्र रविवारीही चालू असे.

"थोरले," सासऱ्यांनी हाक मारली, "थेंब घाल."

हेच तर हवं होतं तिला. ते खुर्चीत मान मागे टाकून बसले, तिनं पापणी वर धरली. जिंकली होती ती. पण थेंब डोळ्यात पडायच्या ऐवजी गालावर पडला. सासऱ्यांचे तेलानं माखलेले हात मांडीवर पालथे पडले होते, आणि ते कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "आजच हवी होती गाडी."

"कुठे जायचंय, बाबा?"

 बाहेरचा सगळा उजेड मालवून माणूस पुन्हा आत जाऊन बसला होता.

थोरली आत इस्त्री करत बसली. रिंग परत ठेवायची, पायरीखाली सापडली म्हणायचं, असं तिनं मनाशी जुळवलं. पण पोर्चमधून ठोकाठोकीचा आवाज येत होता. सासरे तिथून हलत नव्हते, आणि त्यांच्यासमोर ठेवणार कशी? एक शर्ट झाला, दुसरा झाला. आवाज थांबला, म्हणून ती बाहेर आली, आणि पाहते तर काय : चाक लागलेलं, नळी जागेवर, ठोकळा काढलेला. सासऱ्यांनी हातपाय धुतले होते. अंगात तिनं गेल्या आठवड्यात इस्त्री करून कपाटात टांगलेला ठेवणीतला निळा शर्ट. डोक्यावर हेल्मेट.

"बाबा! रिंग?"

"बसवली. लाइनीच्या तारेची केली वळून. आमचं आयुष्य गेलं तार वळण्यात." त्यांनी किक मारली. गाडी खोकली, आणि दुसऱ्या किकेला सुरू झाली.

भसकन बाहेर येतं. सरळ तबकडीवर. थोरलीच्या कानात धाकटीचा आवाज वाजला. समोरचा रस्ता उताराचा होता, खाली चौक होता. ती अनवाणी धावली आणि पुढच्या चाकासमोर उभी राहून तिनं दोन्ही हातांनी हँडल धरलं.

"बाजूला हो."

"नाही जायचं तुम्ही. उतरा."

"थोरले!"

"उतरा म्हणते ना!" आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्यावर ओरडली. मग एक हात खिशात घालून तिनं तळवा त्यांच्यापुढे उघडला. "ही घ्या. माझ्यापाशी होती. मी उचलली होती."

सासऱ्यांनी गाडी बंद केली. हेल्मेट काढलं. रिंगकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पायरीवर बसले. मग म्हणाले, "का?"

"तुम्ही तिच्याशी बोलता." तिला रडायचं नव्हतं, पण आवाज फाटलाच. "पूल काय, घाट काय. माझ्याशी कधी बोललात एवढं?"

सासरे खरंच विचारात पडले. त्यांना ही गोष्ट नवीन होती. "तुझ्याशी बोलायची गरज कुठे पडते?" ते म्हणाले. "तुला न सांगता सगळं कळतं."

कालपर्यंत हे वाक्य कोणी ऐकवलं असतं तर थोरलीनं ते गल्लीभर सांगितलं असतं. आज ते काळजात रुतलं.

धाकटी परतली तेव्हा दोघं तशीच पायरीवर बसलेली होती. तिच्या मुठीत कागदाची पुडी होती, पुडीत जवळपास त्याच मापाची एक जुनी रिंग. वर्तमानपत्रावर परत ठेवलेली मूळ रिंग तिनं पाहिली. सासरे काही बोलायच्या आत थोरलीनंच सांगितलं, जसं होतं तसं. लपवालपवी केली नाही, सबब सांगितली नाही.

धाकटी तशी ओरडणारी नव्हती. ती हळू आवाजात म्हणाली, "बापाला सांगितलं मी, की माझ्या हातून हरवली. ते म्हणाले, लग्न झाल्यावर हात गेला तुझा. सगळ्या कामगारांसमोर म्हणाले. आणि मला ते पटलं, ताई. बसमध्ये मी माझ्या हातांकडे बघत आले."

 "मी येते गॅरेजात, त्यांना सांगते," थोरली म्हणाली.

"काही नको." धाकटीनं बाह्या वर सारल्या, ठोकळा पुन्हा इंजिनाखाली घातला, चाक पुन्हा काढलं. सासऱ्यांनी वळलेली तार तिनं बाहेर काढून नुसती पुढे धरली. ती तेवढ्यातच एका बाजूला उघडली होती. सासरे खाली मान घालून बसले. "धांदरट म्हणालो," ते पुटपुटले. "चुकलं माझं." धाकटी म्हणाली, "मापाचा कप द्या तो." कप थोरलीनं दिला.

पुढचे काही दिवस घरात थंडी पडली. धाकटी भांडी घासायची, पण "ताई" म्हणायची नाही. थोरली खरंच गॅरेजात जाऊन आली. धाकटीच्या बापानं ऐकून घेतलं, हात पुसायचा बोळा या हातातून त्या हातात केला आणि म्हणाला, "बाई, सांगायला आलात, झालं." त्यानं घरी फोन केला असावा, कारण त्या संध्याकाळी धाकटी ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"एक सांगू? राग नका मानू. मध्ये बाबांना ताप आला होता ना, मी उशाशी बसले होते. डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाले, थोरली कुठाय? मी तिथंच, हातात पाण्याचा पेला घेऊन. मलाही लागलं होतं ते. आता गाडी झाली. आता ते माझ्याशी काय बोलणार?"

थोरलीला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटतंय याची लाजही वाटली, पण आधी बरं वाटलं.

गाडी मात्र आता रस्त्यावरून अशी जायची की खड्डा आला तरी पोटातलं पाणी हलू नये. आणि जायचीही सारखी. दर दोन-तीन दिवसांनी सासरे संध्याकाळी तो निळा शर्ट घालायचे, चकचकीत पुसलेली गाडी काढायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. कुठे जाता विचारलं की, "वर. टेकडीकडे." टेकडीकडे दगडाची खाण आणि खडबडीत रस्ता, बस तिकडे जातच नसे.

उलगडा ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवर झाला. एक वयस्क बाई राखाडी कोट टाकायला आल्या. केस आखूड कापलेले, आवाज असा स्वच्छ की प्रत्येक अक्षर वेगळं घासूनपुसून ठेवल्यासारखं. पावतीसाठी पत्ता सांगितला : टेकडी, खाणीच्या मागे. थोरलीची पेन्सिल थांबली.

"तुम्ही थोरल्या ना?" बाई म्हणाल्या. "वाटलंच मला. दवाखान्यात पाहिलं होतं तुम्हाला. तुम्ही औषधाच्या रांगेत होतात आणि मी नि तुमचे सासरे बाकावर. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. हे खांबावरून विचारायचे, लाइन आली का? मी म्हणायचे, आली. नोकरीभर एवढंच बोललो आम्ही. आता भावाकडे राहते वर, तर येतात." त्या हसल्या. "तुमचं फार सांगतात हो. थेंबांचं, चहाचं, तुम्ही गाडीपुढे उभ्या राहिलात त्याचं. धाकटीचंही. बोलायला लागले की थांबत नाहीत, मलाच सांगावं लागतं, अंधार पडतोय, निघा."

थोरलीनं कोटाला क्रमांकाची चिठ्ठी टाचली. टाचणी कोटाला कमी आणि बोटाला जास्त लागली.

घरी येऊन तिनं धाकटीला आत ओढलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. धाकटी तोंड उघडं टाकून ऐकत राहिली.

"म्हणजे मी दोन दिवस तेलात हात घालून बसले, सीलं बसवली," ती म्हणाली, "ती यांना तिकडे आरामात गप्पा मारायला जाता यावं म्हणून?"

"आणि मी बोलणी खाल्ली."

"बोलणी मी खाल्ली, ताई. तुम्ही रिंग खाल्ली होती."

त्या 'ताई'ला बऱ्याच दिवसांनी आवाज फुटला होता. थोरली हसली, धाकटी हसली, आणि मग दोघी एकदम गप्प झाल्या, कारण दोघींच्याही मनात एकच आलं : कोण कुठली राखाडी कोटवाली, आणि आमचे बाबा तिच्यापाशी बोलायला लागले की थांबत नाहीत!

दोन दिवस दोघींनी मिळून सासऱ्यांवर रुसवा धरला. सासऱ्यांच्या तो लक्षातही आला नाही. शेवटी थोरलीनंच थेंब घालता घालता विचारलं, "त्या बाईंना घरी आणा ना एकदा. मागच्या सीटवर बसतील?"

मिटलेल्या पापणीखाली डोळा हलला. सासऱ्यांचे कान लाल झाले. "बसेल," ते म्हणाले. आणि मग, "विचारतो."

"दोघं बसणार असाल तर मागचे शॉक बघावे लागतील," धाकटी दारातून म्हणाली. "तेही गेलेत."

पुढच्या शनिवारी पोर्चमध्ये पुन्हा वर्तमानपत्रं पसरली. या खेपेला थोरलीही जुना गाऊन घालून खाली बसली होती. पाने तिच्या हाती होते. धाकटी आकडा सांगायची, ती नेमका तोच द्यायची. काउंटरवर जन्म आकडे टाचण्यात गेलेला, तिथं ती चुकणार नव्हती. नट गंजून बसला होता. धाकटी त्याला काहीतरी बोलली, अस्सल गॅरेजातलं, आणि सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

थोरलीनं त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. आणि मनात आलंच तिच्या : मला का नाही सुचत असलं काही?

"ताई, चौदाचा," धाकटी म्हणाली.

थोरलीनं चौदाचा दिला.